रिकामा रकाना

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात जयपूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने काय बोलावे याचे काही संकेत ठरून गेलेले आहेत. परराज्यात मराठी शाळा साठ वर्षे टिकली, याचा अभिमान व्यक्त करावा, संस्थापकांचे स्मरण करावे आणि मातृभाषेच्या महतीवर दोन शब्द बोलून खाली बसावे. यातले स्मरण अध्यक्षांनी माझ्यापेक्षा चांगले केले आहे. मी आज आपल्या प्रवेश रजिस्टरातील एका रिकाम्या रकान्याविषयी आणि संगणकाच्या पाच-सहा ओळींविषयी बोलणार आहे. विषय प्रसंगाला शोभणारा नाही, याची मला जाणीव आहे. परंतु आज या सभागृहात असे काही जण बसले आहेत, ज्यांना या मेळाव्याचे निमंत्रण उशिरा आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळले. त्यांना खुलासा मिळाला पाहिजे आणि तो चारचौघांत मिळाला पाहिजे.

प्रारंभ जंतरमंतरपासून करते, कारण या विषयाचा पहिला धडा मला तेथे एका आठवीच्या मुलीने दिला.

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत सम्राट यंत्र पाहिले आहे. सवाई जयसिंहांनी उभारलेली ती जवळजवळ सत्तावीस मीटर उंचीची त्रिकोणी भिंत, आणि तिच्या पूर्वेला व पश्चिमेला पंखांसारखे पसरलेले संगमरवरी चाप. (जयसिंहांच्या पदरी असलेले आणि युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रातले. मराठी माणसाने जयपुरात पाटी-पुस्तकाचे काम करण्याची परंपरा आपल्या शाळेपेक्षा बरीच जुनी आहे, एवढेच यानिमित्ताने नोंदवते.) सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या चापावर पडते आणि हळूहळू खाली उतरते. दुपारनंतर ती पूर्वेच्या चापावर चढू लागते. ऐन मध्यान्ही, सूर्य भिंतीच्या पातळीत आला की, दोन्ही चापांवर सावली नसते. आपल्या घड्याळात तेव्हा साडेबाराच्या आसपास झालेले असतात, पण यंत्राच्या हिशेबी ते बारा.

त्या वर्षी श्रावणात आम्ही मुलांना घेऊन गेलो आणि आभाळ भरून आले. दोन्ही चाप कोरे. ही मुलगी चापांकडे पाहत म्हणाली, "बाई, दोन्हीकडे सावली नाही, म्हणजे बारा वाजले का?" मुले हसली. मी हसू शकले नाही, कारण प्रश्न अगदी रास्त होता. मध्यान्हीला सावली नसते आणि ढगाळ दिवशीही सावली नसते. पहिल्या वेळी यंत्र आपल्याला वेळ सांगत असते, दुसऱ्या वेळी ते काहीच सांगत नसते. चाप मात्र दोन्ही वेळी सारखेच दिसतात. कोणते नसणे कोणते, हे ठरवायला मान वर करून आभाळ पाहावे लागते.

आता रजिस्टराकडे वळते. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने आपण स्थापनेपासूनची सर्व प्रवेश रजिस्टरे संगणकावर आणण्याचा संकल्प केला. काही शिक्षक आणि पुष्कळसे माजी विद्यार्थी सुटीच्या दिवशी येऊन एकेक ओळ एक्सेलच्या तक्त्यात उतरवू लागले. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, आईचे नाव, जन्मतारीख, मागील शाळा, पत्ता, शेरा असे आपले रकाने. रजिस्टर मराठी वळणाचे, म्हणून नावाचे तीन तुकडे त्यात गृहीत धरलेले. पण शाळा जयपुरात. येथल्या शेजारपाजारची जी मुले आपल्याकडे आली, त्यांच्या घरी वडिलांचे नाव मुलाच्या नावात गुंफण्याची पद्धतच नाही. कित्येकांना आडनावही नाही. नावापुढे कुमारी किंवा सिंह एवढेच. दुसरीकडे विटा, खानापूर, आटपाडीकडून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या कुटुंबांतली मुले. वर्षाच्या मध्यातच यायची, दाखला गावी राहिलेला असायचा, मग मागील शाळा आणि जन्मतारीख हे रकाने "नंतर आणून देतो" या बोलीवर कोरे सोडले जायचे आणि तसेच राहायचे. तिसरीकडे पावसाच्या ओलीने आणि वाळवीने खाल्लेली पाने, जिथे काहीतरी लिहिलेले होते खास, पण आज वाचता येत नाही.

उतरवून घेणाऱ्यांनी या साऱ्या कोऱ्या जागांचे काय केले? प्रत्येकाने आपापल्या स्वभावानुसार केले. कोणी रकाना तसाच सोडला. कोणी आडवी रेघ मारली. कोणी "नाही" लिहिले, कोणी प्रश्नचिन्ह दिले. कोणी नुसती स्पेसबार दाबून पुढे गेले, म्हणजे रकाना दिसायला रिकामा, पण आत एक मोकळी जागा ठाण मांडून बसलेली. यात त्यांचा दोष नाही. काय करावे, हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते. तो दोष माझा.

मी संगणकाची पदवीधर नाही, मराठीची एम. ए. आहे. आमच्या संगणक शिक्षकांनी मला हा भेद समजावला, तेव्हा मी तो डब्याच्या भाषेत समजून घेतला. मधल्या सुटीत एका मुलाने डबा आणलेलाच नाही. दुसऱ्याने आणला आहे, पण उघडला तर रिकामा. तिसऱ्याच्या डब्यात नुसते धुतल्याचे पाणी. तिघेही उपाशीच, पण कोणतीही वर्गशिक्षिका या तिघांना एकच प्रश्न विचारणार नाही. पहिल्याला विचारील, विसरलास का? दुसऱ्याच्या घरी चौकशी करील. तिसऱ्याच्या बाबतीत तिला आधी झाकण उघडून पाहावे लागेल, कारण हलवल्यावर त्याचा डबा भरलेला वाटतो. पायथन नावाच्या ज्या भाषेत आमच्या शिक्षकांनी निमंत्रणाची पत्रे तयार करणारी छोटी आज्ञावली लिहिली, तिच्यात या तीन अवस्था वेगवेगळ्या आहेत. डबाच नाही, या अवस्थेला ती "नन" म्हणते. रिकाम्या डब्याला रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही मणी नसलेली अक्षरांची माळ. आणि मोकळ्या जागेची स्ट्रिंग तिच्या लेखी भरलेली असते, कारण मोकळी जागा हेही तिच्या दृष्टीने एक अक्षरच.

पहिल्या खेपेस आज्ञावलीत कसलीच तपासणी नव्हती. नाव, वडिलांचे नाव, आडनाव जोडायचे आणि छापायचे. एक्सेलमधला न भरलेला रकाना पायथनकडे "नन" होऊन येतो आणि त्याला मजकुरात गुंफले की तो शब्द जसाच्या तसा रोमन अक्षरांत उमटतो. काही पत्रे तशीच टपालात पडली. एका वयोवृद्ध माजी विद्यार्थ्यांचा फोन आला. अत्यंत गंभीरपणे त्यांनी विचारले, "बाई, माझ्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये नन लिहून आले आहे. शाळेचे कॉन्व्हेंट झाले की काय?" आम्ही खजील झालो, हसलो आणि चूक सुधारली.

ती सुधारणाच खरी चूक ठरली. आज्ञावलीत एक अट घातली गेली. तीन तुकड्यांपैकी एखादा जरी रिकामा असेल, तर ती ओळ अपूर्ण समजावी आणि सोडून पुढे जावे. पायथनमध्ये ही अट "इफ नॉट" एवढ्या दोन शब्दांत लिहिता येते. ते दोन शब्द "नन"लाही नाही म्हणतात, रिकाम्या स्ट्रिंगलाही नाही म्हणतात. लिहायला सोपे, वाचायला सोपे आणि वरून नीटनेटके. पत्रे छान छापली गेली, एकातही "नन" नव्हते. पहिली चूक निदान ओरडली होती, फोन आला होता. ही दुसरी चूक एक अक्षर बोलली नाही. ज्यांना पत्र गेलेच नाही, ते फोन कशाला करतील?

एक जण मात्र आली. साधारण माझ्याच वयाची. तिच्या परवानगीने सांगते आहे, नाव सांगणार नाही. तिच्या धाकट्या भावाला निमंत्रण मिळाले होते, तिला नाही. दोघेही आपल्याच शाळेचे. आम्ही ओळ काढून पाहिली. भावाचा प्रवेश काही वर्षांनी मामांनी घेतला होता आणि तेव्हा वडिलांचे नाव लिहिले गेले होते. तिच्या वेळी आई एकटी आली होती आणि तो रकाना कोरा होता. आज्ञावलीने तिला अपूर्ण ठरवून गाळले होते. तिने रजिस्टरातील मूळ पान पाहायला मागितले. त्या पानावर कोऱ्या रकान्यापासून थोड्या अंतरावर, शेऱ्यात, त्या वेळच्या मुख्याध्यापकांच्या अक्षरात "पालक आई" एवढे लिहिले होते. ती मला म्हणाली, "बाई, हा रकाना तेव्हाही रिकामाच होता. पण तेव्हा शाळेने मला घेतलं होतं."

मी त्या संध्याकाळी घरी उशिरा गेले. आज्ञावलीने गाळलेल्या सर्व ओळी छापून काढायला सांगितले. दोन पाने भरली. त्यांत गलाईवाल्यांची मुले होती, शेजारच्या मोहल्ल्यातील आडनाव नसलेल्या मुली होत्या, वाळवीने खाल्लेल्या पानावरचे एक अख्खे वर्ष होते. आम्हाला ज्यांची माहिती सर्वांत कमी, नेमके तेच निमंत्रणाबाहेर गेले होते. उलट, ज्यांच्या रकान्यात कोणी आडवी रेघ ओढली होती, त्यांना रेघेसकट पत्र मिळाले होते, कारण रेघ म्हणजे काहीतरी आहे!

पुढे थोडे वाचले, थोडे विचारले, तेव्हा कळले की या बाबतीत आम्ही एकटे नाही. सर टोनी होअर या विख्यात संगणकशास्त्रज्ञांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू ही भाषा रचताना "येथे काहीच नाही" असे दर्शवणारा "नल" हा संदर्भ त्यात घातला, कारण तो घालणे फार सोपे होते. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटले. कॅलिफोर्नियातील एका गृहस्थाने गमतीने आपल्या मोटारीच्या पाटीवर हाच "नल" शब्द घेतला. ज्या दंडाच्या पावत्यांवर गाडीचा नंबर लिहायचा राहून गेला होता, त्या सगळ्या त्यांच्या नावावर जमा झाल्या. बारा हजार डॉलरांवर दंड! आकडेवारीच्या कामात पायथनबरोबर सर्रास वापरले जाणारे पांडाज नावाचे साधन एनए ही दोन रोमन अक्षरे दिसली की, तुम्ही वेगळे सांगितले नसेल तर, माहिती उपलब्ध नाही असे समजते. नामिबिया देशाचे संक्षिप्त चिन्ह नेमके हेच असल्याने तो देश तक्त्यातून नाहीसा होतो. आपल्याकडे जमिनीच्या प्रकाराच्या रकान्यात बिगरशेतीसाठी एनए लिहिणाऱ्या मराठी माणसाने हे ध्यानात ठेवावे. प्लॉट जागेवर राहील, प्रकार उडून जाईल.

शून्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. शून्याला बेरीज-वजाबाकीच्या नियमांत बसवणारे ब्रह्मगुप्त हे याच राजस्थानातील भिल्लमालचे, म्हणजे आजच्या भीनमाळचे. इसवी सन ६२८ मध्ये त्यांनी शून्य ही एक संख्या आहे असे मानून तिच्याशी व्यवहार केला. आपण शिक्षकही करतो. गुणपत्रिकेत शून्य आणि गैरहजर हे एक नव्हेत, हे पहिल्या वर्षाच्या शिक्षिकेलाही शिकवावे लागत नाही. शून्य मिळवणारा मुलगा तीन तास बाकावर बसला होता. पण पायथनमध्ये "इफ नॉट" म्हणून गुण तपासले, तर शून्य हा अंक आणि न आलेले गुण एकाच वाटेने बाहेर पडतात. पीएचपी नावाच्या भाषेतील रिकामेपण तपासणारी आज्ञा तर अक्षरात लिहिलेल्या शून्यालाही रिकामे म्हणते. म्हणून आमचे शिक्षक आता मुलांना निक्षून सांगतात की "नन आहे का" हा प्रश्न वेगळा विचारा, "लांबी शून्य आहे का" हा वेगळा आणि "किंमत शून्य आहे का" हा वेगळा. क्रमही सांभाळा. आधी नन विचारा, मगच मोकळ्या जागा झटका. डबाच नसेल, तर तो पुसणार कसा? आज्ञावली तेथे थबकते आणि चूक दाखवते.

माझ्यासाठी सर्वांत बोधप्रद ठरले ते एडगर कॉड. माहितीचे तक्ते आज ज्या पद्धतीने संगणकात राहतात, ती पद्धत मांडणारे हे शास्त्रज्ञ. १९८५ साली त्यांनी आपले प्रसिद्ध नियम सांगितले. त्यांतला तिसरा नियम असा की, नसलेली माहिती ही रिकाम्या स्ट्रिंगपासून, मोकळ्या जागांपासून आणि शून्यापासून वेगळी ठेवली गेली पाहिजे. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. १९९० च्या ग्रंथात त्यांनी नसण्याचेही दोन प्रकार केले. एक, गोष्ट लागू आहे पण आपल्याला माहीत नाही. दुसरा, गोष्ट येथे लागूच नाही. हे वाचताना मला संस्कृतच्या तासाला शिकलेले वैशेषिक आठवले. अभावाला सातवा पदार्थ मानून त्याचे प्रकार करणारे हे लोक. वस्तू अजून झालेली नाही तो प्रागभाव, होती आणि नष्ट झाली तो प्रध्वंसाभाव, कधीच नव्हती आणि नसणार तो अत्यंताभाव. चौथा अन्योन्याभाव, तो येथे सोडून देते. विद्यार्थिदशेत हे सारे मला परीक्षेपुरते वाटले होते. आता आपल्या रजिस्टरात मी ते बोट ठेवून दाखवू शकते. "दाखला नंतर आणून देतो" हा प्रागभाव. वाळवीने खाल्लेले पान हा प्रध्वंसाभाव. ज्या घरी आडनावाची रीतच नाही, तेथला अत्यंताभाव. तिन्ही रकाने पांढरेच.

एक गोष्ट खास मराठीची आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. "दुसऱ्या", "कऱ्हाड" यांतला अर्धा र, ज्याला आपण पापणीसारखा काढतो, तो संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो. त्यांतल्या एका रीतीत एक अदृश्य जोडणारे चिन्ह असते. त्याला रुंदीच नाही, डोळ्यांना ते दिसत नाही. कोणी असा शब्द लिहून मग खोडला, तर दिसणारी अक्षरे जातात आणि हे चिन्ह मागे राहू शकते. रकाना पूर्ण कोरा दिसतो, पण त्याची लांबी एक भरते. पायथनची मोकळ्या जागा झटकणारी "स्ट्रिप" ही आज्ञा साधी स्पेस काढते, टॅब काढते, वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरातली न तुटणारी स्पेसही काढते, पण हे चिन्ह काढत नाही, कारण ती त्याला मोकळी जागा मानतच नाही. एका ओळीने आम्हाला दोन दिवस झुलवले ते याच्यापायी. शेवटी त्या रकान्यातील प्रत्येक चिन्हाचा क्रमांक छापून पाहिला, तेव्हा चोर सापडला. ती अदृश्य चिन्हे वेगळी नावे घेऊन काढावी लागली. अर्थात तीही फक्त तपासणीपुरती. नावांच्या आतून ती काढली असती, तर आपल्या कित्येक मंडळींच्या पापण्या मोडल्या असत्या.

आता काय केले, ते सांगते. आज्ञावली यापुढे कोणतीही ओळ सोडत नाही. जे आहे तेवढ्यावर पत्र लिहिते, नाव असेल तर नावाने, आडनाव नसेल तर त्याविना. रिकाम्या रकान्यापाशी ती थांबत नाही, पण त्याची नोंद वेगळ्या यादीत घेते. आणि तक्त्यात प्रत्येक कोऱ्या जागेशेजारी एक नवा छोटा रकाना आला आहे. तो का कोरा आहे, हे लिहिण्यासाठी. लागू नाही, माहीत नाही, वाचता येत नाही, असे तीन पर्याय आम्ही ठेवले होते. चौथा त्या बहिणीमुळे आला. तो म्हणजे, सांगायचे नाही.

काही पालकांनी मला विचारले की कार्यालयीन कामात असे चालते का. चालते. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला पित्याचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व मागता येते, असा निर्णय दिला. २०१८ च्या डिसेंबरपासून, आई एकटी पालक असेल, तर पॅन कार्डाच्या अर्जात वडिलांचे नाव देण्याची सक्ती नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येते. आपले मराठी वळणाचे तीन तुकडे आता तिकडेही चार झाले आहेत. ज्या आज्ञावलीत तीनच तुकडे पक्के केलेले असतील, तिला ही मुले शाळेत येतील तेव्हा नवे दुखणे लागणार आहे. आम्ही ते आत्ताच करून ठेवले आहे.

त्या भगिनी आज सभागृहात आहेत. त्यांच्या ओळीपुढे काय लिहावे, असे मी त्यांना विचारले. "लागू नाही" त्यांना नको होते, "माहीत नाही" हे खरे नव्हते. बराच वेळ विचार करून त्यांनी रकाना रिकामाच ठेवायला सांगितला. रेघ नाही, शब्द नाही. शेजारच्या छोट्या रकान्यात आम्ही "विचारले, रिकामा ठेवावा" असे लिहिले आणि तारीख घातली. शेऱ्यातले "पालक आई" होते तसे उतरवले आहे.

उरलेल्या ओळींची यादी बाहेर दाराशी टेबलावर ठेवली आहे, प्रवेशाच्या वर्षानुसार लावलेली. चहाच्या वेळी आपापली आणि आपल्या वर्गमित्रांची ओळ पाहून जावी. गलाई कुटुंबांतील जी मुले मधूनच निघून गेली, त्यांचा ठावठिकाणा कोणाला माहीत असेल तर तोही लिहावा. शेजारी पेन्सिली ठेवल्या आहेत. कृपया पेनाने लिहू नये.